घसरण्याची भीती आणि पायांची सूज: एका हिवाळ्याचं प्रकरण

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत साठी ओलांडलेली माणसं जास्त. इथे मांडलेलं प्रकरण त्यांच्यापैकी एका काकूंचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत, मात्र मापं आणि निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम तसाच ठेवला आहे. हे लिहिण्याचं कारण एकच. पायाच्या नसांचं, म्हणजे फुगलेल्या शिरांचं, दुखणं एका डॉक्टरांकडे आणि तोल जाण्याची तक्रार दुसऱ्यांकडे अशी वाटणी आपण फार सहज करतो. या घरात तशी वाटणी झाल्यामुळे एकावर केलेला प्रत्येक उपाय दुसऱ्याला वाढवत गेला.

पार्श्वभूमी

काकूंचं वय 69, निवृत्त शिक्षिका. तीसहून जास्त वर्षं फळ्यासमोर उभं राहण्यात गेली. दुसऱ्या बाळंतपणानंतर डाव्या पायावर नसा दिसू लागल्या आणि पन्नाशीपर्यंत त्या दोरीसारख्या वर आल्या. संध्याकाळी पाय जड व्हायचा, रात्री पोटरीत गोळे यायचे. चार वर्षांपूर्वी डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी तपासणी, झाली. घोट्यापासून मांडीच्या आतल्या बाजूने जांघेपर्यंत जाणाऱ्या मोठ्या शिरेतल्या झडपा नीट मिटत नाहीत, असं त्यात दिसलं. ती शीर आतून बंद करणारं लेसर सुचवलं गेलं, पण "दुखत तर नाही, मग कशाला" म्हणून ते मागे पडलं. मधुमेह नाही. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन 5 मिलिग्रॅमची रोज एक गोळी.

एवढ्या नसा असूनही काकूंचं बरं चाललं होतं, ते त्यांच्या सकाळच्या चालण्यामुळे. रोज 40 मिनिटं, वर्षानुवर्षं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. पायातलं रक्त वर न्यायला हृदयाचा धक्का पुरत नाही. ते काम पोटरी करते. पाऊल टाकताना पोटरीचा स्नायू आवळतो, आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकतं. स्नायू सैलावला की झडपा मिटतात, म्हणून ते पुन्हा खाली येत नाही. माणूस नुसता उभा असेल तर घोट्याजवळच्या शिरांतला दाब साधारण 80 ते 90 मिलिमीटर पारा इतका असतो. चालायला लागलं की निरोगी पायात तो 30 च्या आसपास उतरतो. झडपा निकामी झालेल्या पायात तो तेवढा उतरत नाही, पण काही तरी उतरतोच. काकूंना रोजची ती 40 मिनिटं एवढा आधार देत होती.

अडचण कशी वाढत गेली

थंडी सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात काकू पहाटे बाहेर पडल्या. उजाडलं नव्हतं आणि दवाने वाट ओली होती. पाय सरकला, त्या हातावर पडल्या. मनगट सुजलं, हाड मोडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून चालणं बंद. घरच्यांनीच सांगितलं, "थंडी संपेपर्यंत बाहेर जायचं नाही." प्रेमापोटी सांगितलं होतं. मीही माझ्या आईला असंच सांगितलं असतं.

मग दिवसाचे पाच-सहा तास खुर्चीत, समोर हीटर, पाय खाली लोंबलेले. थंडीत रक्तवाहिन्या आवळतात आणि अनेकांचा रक्तदाब या दिवसांत थोडा वर जातो. काकूंचाही गेला. गोळी 5 वरून 10 मिलिग्रॅम झाली. तीन आठवड्यांत दोन्ही पाय सुजले, डावा जास्त. त्यावेळी नेहमीचे डॉक्टर गावाला गेले होते, म्हणून दुसरीकडे दाखवलं. तिथे सूज बघून लघवीची गोळी मिळाली. काकू ती रात्रीच्या गोळ्यांबरोबर घेऊ लागल्या. रात्री तीन-चार वेळा उठणं सुरू झालं. आणि एका रात्री बाथरूमच्या दारात, पायात नुसते मोजे असताना, त्या पुन्हा पडल्या. कंबरेला मोठा काळानिळा डाग. माझ्याकडच्या चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं: "तोल जातो, व्यायाम शिकवावेत."

पहिल्या भेटीत काय दिसलं

काकूंनी सोबत एक वही आणली होती. पडल्याच्या तारखा, गोळ्या, रात्री किती वेळा उठले, सगळं रकाने पाडून लिहिलेलं. ॲम्लोडिपिन वाढवल्याची तारीख आणि "पाय सुजले" ही नोंद एकाच पानावर होती. मला ती जोडी लगेच दिसली, याचं सगळं श्रेय त्या रकान्यांना.

मोजे काढले तेव्हा घोट्याच्या वर आतल्या बाजूला कातडी तपकिरी, कोरडी, खाजवून ओरखडलेली. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि सावकाश भरायचा. उजव्या नडगीवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग होते. मुलगी म्हणाली, "ते काय आहे कळत नाही, नवीनच आहे." मी विचारलं, "हीटर कुठल्या बाजूला असतो?" उजव्या. रोज तासन्‌तास जवळून शेक घेतल्यावर कातडीवर अशी जाळी उमटते. शेकाने शिरा आणखी सैलावतात, त्यामुळे सुजलेल्या पायाला तो शेक उलटाच पडत होता.

मापं अशी होती. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, याला 17 सेकंद लागले. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. हात न टेकता 30 सेकंदांत खुर्चीतून 7 वेळा उठता आलं. या वयाच्या बाईकडून निदान 11 ची अपेक्षा असते. झोपून रक्तदाब 138/80, उभं राहिल्यावर मिनिटभरात 116/72. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला तर ती नोंद घेण्यासारखी असते. रात्री अंथरुणातून उठताना डोळ्यांसमोर अंधारी येते असं काकूंनी वहीत लिहिलंच होतं.

आणि एक माप, जे बहुतेक वेळा कुणी घेत नाही. भिंतीसमोर उभं राहायचं, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून किती लांब ठेवता येतो ते बघायचं. उजवीकडे 8 सेंटीमीटर, डावीकडे 4. डावा घोटा आखडला होता. आखडलेल्या घोट्यावर पोटरी पूर्ण ताणली जात नाही आणि पूर्ण आवळतही नाही, म्हणजे पंप अर्धवट चालतो. शिवाय पाय सरकला की तोल सावरण्याचं पहिलं काम घोटाच करतो. नसा आणि तोल, दोन्ही गोष्टी त्या एका सांध्यात येऊन मिळाल्या होत्या.

पहिला निर्णय: व्यायाम आज की नंतर?

डावी पोटरी उजवीपेक्षा 1.5 सेंटीमीटरने जाड होती. आतल्या शिरेत गुठळी झाल्याचा संशय बळावतो तो साधारण 3 सेंटीमीटरपेक्षा जास्त फरकाला. सूज दोन्ही पायांना होती, पोटरी दाबल्यावर दुखत नव्हती, कातडी गरम किंवा लाल नव्हती. टेप बघून पुढे जाता आलं असतं.

पण काकू आठवडे बसून होत्या, दोनदा पडल्या होत्या आणि झडपांचा त्रास आधीपासून होता. टेपचं माप संशय वाढवू शकतं, गुठळी नाही याची खात्री मात्र देऊ शकत नाही. म्हणून त्या दिवशी मी व्यायाम शिकवला नाही. डॉक्टरांना फोन केला आणि त्याच दिवशी डॉप्लर करायला सांगितलं. गुठळी नव्हती. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबांचं गुणोत्तरही मोजून घेतलं, ते 1.05 आलं, म्हणजे पायाला पोचणारं रक्त ठीक होतं. घट्ट मोजे देण्याआधी हे बघावं लागतं. हे गुणोत्तर 0.8 च्या खाली असेल तर ठरावीक दाबाचे मोजे तज्ज्ञाला विचारल्याशिवाय घालत नाहीत, कारण आधीच कमी पोचणारं रक्त आणखी अडतं. हृदय, मूत्रपिंड आणि लघवीतून जाणारी प्रथिनं यांच्या तपासण्या डॉक्टरांनी केल्या. दोन्ही पाय सुजलेल्या माणसाला "नसाच आहेत" म्हणून परत पाठवू नये, यासाठी.

घरच्यांना एक दिवस वाया गेल्यासारखं वाटलं. मला तो आजही वाया गेलेला वाटत नाही. एका पायाची अचानक सूज, पोटरीत दुखणं, आणि त्याबरोबर धाप लागणं किंवा छातीत दुखणं असेल, तर फिजिओथेरपिस्टची वेळ घ्यायची नसते, थेट तातडीच्या विभागात जायचं असतं. मुलीला हे मी लिहून दिलं.

समोर असलेले पर्याय

घरच्यांना हवा होता तो पर्याय म्हणजे थंडी संपेपर्यंत विश्रांती, पाय वर करून. सूज उतरली असती. पण दोन-अडीच महिन्यांत मांड्या आणि पोटऱ्या आणखी गळाल्या असत्या, आणि थंडी सरल्यावर घराबाहेर पडणाऱ्या काकू आजच्यापेक्षा जास्त पडण्याजोग्या झाल्या असत्या.

दुसरा, फक्त घट्ट मोजे. काकूंच्या कपाटात दोन वर्षांपूर्वीची जोडी होती. ताण निघून गेलेली, वरची कड गुंडाळून गुडघ्याखाली वळी झालेली. अशी वळी दोरी बांधल्यासारखी रक्त अडवते. हे मोजे रोज वापरले तर साधारण सहा महिन्यांत बदलायचे असतात.

तिसरा, चार वर्षांपूर्वीचं लेसर आताच करून घेणं. डॉक्टर नसांचा आजार 0 ते 6 अशा पायऱ्यांत मोजतात. कातडीचा रंग बदलला, इसब आलं की चौथी पायरी, आणि सहावी म्हणजे उघडी जखम. काकू चौथ्या पायरीवर होत्या. तज्ज्ञांना दाखवण्याइतकं कारण तिथेच होतं.

चौथा, आधी गोळ्यांची फेरतपासणी, मग घोटा आणि पोटरी, मग चालणं, आणि लेसरचा विचार थंडीनंतर. मी हा मांडला आणि सगळ्यांनी मान्य केला. यातला शेवटचा भाग चुकीचा होता, ते पुढे येईल.

काकूंचा स्वतःचा प्रश्न मात्र वेगळाच होता. "अगं, तू चाल म्हणतेस. पण घसरले तर?"

मी त्यांचाच हात हातात घेतला. मनगटाच्या पाठीवर एक ठसठशीत शीर होती. ती एका बोटाने दाबून धरली आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातलं रक्त कोपराच्या दिशेने सारलं. शीर सपाट झाली. वरचं बोट उचललं तरी ती वरून भरेना, कारण मधली झडप मिटली होती. खालचं बोट उचललं आणि ती क्षणात फुगली. विल्यम हार्वे यांनी 1628 मध्ये हाच प्रयोग चित्रं काढून छापला होता. काकूंनी तो स्वतः तीनदा करून पाहिला. मग म्हणाल्या, "म्हणजे पायात हे दार तुटलंय, आणि मी बसून राहते म्हणून ढकलणाराही नाही." यापेक्षा नेमकं मलाही सांगता आलं नसतं. घसरण्याचं काय, याचं उत्तर मी चार आठवड्यांत द्यायचं कबूल केलं.

काय केलं

गोळ्यांपासून सुरुवात केली. ते माझ्या हातातलं काम नव्हतं, म्हणून नेहमीच्या डॉक्टरांना पत्र लिहिलं: तारखा, सूज, उभं राहिल्यावर उतरणारा रक्तदाब, रात्रीचं उठणं. ॲम्लोडिपिनमुळे धमन्यांची बारीक टोकं रुंदावतात पण शिरा तशाच राहतात, त्यामुळे मध्ये दाब वाढून पाणी ऊतींत झिरपतं. मात्रा वाढली की हे वाढतं आणि बायकांत जास्त दिसतं. लघवीच्या गोळीने या सुजेला फारसा फरक पडत नाही. डॉक्टरांनी मात्रा पुन्हा 5 वर आणली, वेगळ्या गटातलं दुसरं औषध जोडलं आणि लघवीची गोळी थांबवली. काकूंनी दोन आठवडे घरी रक्तदाब मोजला. मधले चार दिवस तो थोडा वरच राहिला, फोनवर विचारून निभावलं. हे वाचून कुणी आपापली गोळी कमी करू नये. ज्यांनी दिली आहे त्यांना तारखा दाखवून विचारावं.

मग रात्र. दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि मध्यरात्री लघवी होऊन बाहेर पडतं. ते दुपारीच बाहेर काढायचं ठरवलं. रोज दुपारी पाऊण तास आडवं होऊन पाय छातीपेक्षा उंच, उशांवर. लोंबलेले पाय नुसते स्टुलावर ठेवले तर एवढा उपयोग होत नाही, कारण ते हृदयाच्या खालीच राहतात. दहा दिवसांत रात्रीचं उठणं एकावर आलं. रात्री कमी वेळा उठणं म्हणजे अंधारात पडण्याच्या तेवढ्या संधी कमी होणं. त्याशिवाय अंथरुणापासून बाथरूमपर्यंत मंद दिवा, झोपण्याआधी बाथरूमची फरशी पुसून कोरडी, आणि टाचेमागे पट्टा असलेल्या, खाली खाचा असलेल्या सपाता. उठताना आधी बसून घोटे वीस वेळा वर-खाली, मग उभं राहून दहापर्यंत मोजायचं, मग पाऊल.

मोज्यांचा निर्णय सोपा नव्हता. अशा पायाला तज्ज्ञांचा सर्वसाधारण कल जास्त दाबाच्या जोडीकडे असतो. काकूंच्या सुजलेल्या मनगटाने ती वर ओढता येईना, आणि मुलगी सकाळी लवकर कामाला जाते. आम्ही 18 ते 21 मिलिमीटर पारा दाबाचे, गुडघ्यापर्यंतचे मोजे घेतले. काकू स्वतः घालू शकतील असे. पाकिटावरच्या "क्लास 1", "क्लास 2" यावर जाऊ नका. वेगवेगळ्या देशांत त्यांचे आकडे वेगळे आहेत. मिलिमीटरचा आकडा बघायचा. खरखरीत रबरी हातमोजे घातले की पकड येते आणि कापड नखाने फाटत नाही. मोजा टाचेपर्यंत उलटा करून पाऊल आत, मग तळहाताने थोडा थोडा वर सारायचा, वरची कड धरून खेचायची नाही. अंथरुणातून उतरण्याआधी घालायचा, रात्री काढायचा. मलम रात्री लावायचं. सकाळी लावलं तर मोजा सरकतही नाही आणि खराबही होतो. आणि हे मोजे गुळगुळीत असतात, त्यामुळे नुसत्या मोज्यांवर फरशीवर एक पाऊलही नाही.

हीटर खोली गरम करायला राहिला, पाय शेकायला नाही. ऊब लोकरीच्या सैल पायघोळ कपड्यांतून.

व्यायाम थोडेच दिले, पण रोज. भिंतीशी पोटरी ताणणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, आणि ओटा धरून टाचा उचलणं. पहिल्या दिवशी टाचा सहा वेळा उचलल्या आणि डावी पोटरी थरथरायला लागली. सहाव्या आठवड्यात पंधराचे तीन फेरे. दर तासाला उठून दहा वेळा टाचा उचलायच्या, त्यासाठी वहीत नवा रकाना पडला.

तिसऱ्या आठवड्यात बाहेर. पहाटे नाही, ऊन पडून वाट वाळल्यावर. 40 मिनिटं एकदम नाही, दहा-दहा मिनिटं तीनदा. निघण्याआधी घरातच पाच मिनिटं पाय हलवून, कारण गारठलेला स्नायू उशिरा सावरतो. हातमोजे घालायचे, म्हणजे हात खिशात जात नाहीत. पडताना मोकळे हात लागतात. पाऊल आखूड, पूर्ण तळवा टेकवून. बर्फ पडणाऱ्या भागात राहणाऱ्यांनी याला बुटांना लावायच्या काट्यांची जोड द्यावी, आणि घरात शिरताना ते काढावेत, फरशीवर तेच घसरवतात. पहिले चार दिवस मी सोबत होते. काकूंची नजर सतत पायांशी. "समोर बघा काकू, चार पावलं पुढे," हे मी किती वेळा म्हटलं याची मोजदाद नाही.

मध्येच आलेला धक्का

पाचव्या आठवड्यात सकाळी मुलीचा फोन. "आईच्या पायातून रक्त येतंय, थांबतच नाहीये." गरम पाण्याने आंघोळ करताना घोट्याजवळची एक खपली निघाली आणि तिथल्या फुगलेल्या शिरेतून रक्ताची धार लागली. मुलीने घाबरून वरच्या बाजूला कापड करकचून बांधलं होतं आणि काकू स्टुलावर पाय खाली सोडून बसल्या होत्या. बांधल्याने रक्त वर जाण्याची वाट अडते आणि खालून जास्त वाहतं. फोनवरच सांगितलं: कापड सोड, आईला जमिनीवर आडवं कर, पाय खुर्चीवर उंच ठेव, स्वच्छ कापडाची घडी नेमकी त्या जागेवर दाब, पंधरा मिनिटं उचलून बघायचं नाही. रक्त थांबलं. मग रुग्णालय.

हे मी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. तपकिरी कातडीत घोट्याजवळ दोन बारीक निळे फुगे मी पाहिले होते, वहीत टिपलेही होते. पातळ कातडी, खाली दाब असलेली शीर, वर खाज. रक्त येणार हे त्यात लिहिलेलंच होतं. बसलेल्या माणसाची अशी शीर फुटली आणि जवळ कुणी नसेल तर ते जिवावर बेतू शकतं. मुलगी त्या दिवशी उशिरा निघणार होती, म्हणून घरी होती.

दुसरा निर्णय: लेसर

नसेतून रक्त आल्यावर थंडी संपायची वाट बघण्यात अर्थ उरला नव्हता. आठव्या आठवड्यात शिरेभोवती भूल देऊन लेसर झालं आणि काकू त्याच दिवशी चालत घरी आल्या. घोट्याजवळच्या फुग्यांसाठी नंतर फोमचं, म्हणजे त्या शिरा आतून बंद करणाऱ्या फेसाचं, इंजेक्शन झालं. तोवर चालण्याची घडी बसली होती, म्हणून दुसऱ्याच दिवशी दहा मिनिटांचा पहिला फेरा झाला.

परिणाम

मापं मी मुद्दाम दोनदा देते, म्हणजे लेसरचं श्रेय व्यायामाला किंवा उलट जाणार नाही. सहाव्या आठवड्यात, लेसरच्या आधी: तीन मीटरच्या चाचणीला 13 सेकंद, खुर्चीतून 10 वेळा, डावा घोटा 6 सेंटीमीटर. बाराव्या आठवड्यात 11 सेकंद, 12 वेळा, 7 सेंटीमीटर. उभं राहिल्यावर रक्तदाब आता 6 ने उतरतो. सूज बरीचशी तिसऱ्या आठवड्यातच, म्हणजे गोळी बदलल्यावर, उतरली होती. संध्याकाळचा जडपणा मात्र लेसरनंतर गेला. रात्रीच्या त्या पडण्यानंतर काकू पुन्हा पडल्या नाहीत. तपकिरी डाग तसाच आहे, तो बहुधा राहील. आंघोळीला जाताना काकू अजून मुलीला हाक मारून सांगतात.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

तज्ज्ञांकडे चिठ्ठी पहिल्याच आठवड्यात देईन. "थंडीत नको" हे माझं म्हणणं सवयीतून आलं होतं, कारणातून नाही. उलट घट्ट मोजे थंडीतच जास्त सहन होतात.

रक्त आलं तर काय करायचं, हे फुगलेल्या नसा असलेल्या प्रत्येकाला आता पहिल्या भेटीत सांगते आणि घरच्यांकडून एकदा करून घेते. आडवं, पाय उंच, नेमका दाब, बांधायचं नाही.

पहिल्या पडण्यानंतर मनगटाचा एक्स-रे झाला, पण चालणं बंद झालं का हे कुणीच विचारलं नाही. खरं तर सगळं तिथेच थांबवता आलं असतं. वेळ बदलली असती, बूट बदलले असते, तर खुर्ची, हीटर, वाढलेली गोळी, सूज, दुसरी गोळी आणि बाथरूमचं दार ही रांग लागलीच नसती. पडलेल्या माणसाला आता मी "कुठे लागलं" याच्या आधी "त्यानंतर काय करणं सोडलंत" असं विचारते.

मोज्यांबद्दल मी अजून द्विधा आहे. जास्त दाबाची जोडी घातली असती तर कदाचित ती खपली झाकलेली राहून लवकर भरली असती. पण काकूंनी ती आठवड्यातून दोनदाही घातली नसती, असं त्यांच्या मनगटाकडे बघून तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं.

पुढची तपासणी थंडी सुरू व्हायच्या महिनाभर आधी ठरली आहे. त्या दिवशी पोटरी आणि घोटा मोजून नवे मोजे, रक्तदाब झोपून आणि उभं राहून, आणि गोळ्यांची सगळी पाकिटं एका पिशवीत. काकूंनी वहीत त्या तारखेखाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ आधीच लिहून ठेवली आहे: "बुटांचे तळ झिजले, नवे घेणे."